पिस्तुलाला हात न लावण्याची सवय

परवाना घेऊन कमरेला पिस्तूल बाळगणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की ते कधी बाहेर काढावे लागले का. मला गेल्या नऊ वर्षांत ते एकदाही काढावे लागलेले नाही आणि पुढेही कधी लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या एका क्षणाबद्दल सगळेच बोलतात. सकाळी पट्टा आवळल्यापासून रात्री पेटीला कुलूप लागेपर्यंतचे जे पंधरा-सोळा तास असतात, त्यांच्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. अनवधानाने गोळी सुटल्याचे जे प्रसंग मी सरावाच्या मैदानावर ऐकले, ते बहुतेक याच तासांतले आहेत. कोणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला अडकवायच्या त्याच्या म्यानात, परत ठेवत होते, कोणी गाडीत बसल्यावर टोचते म्हणून ते सरकवत होते, कोणी ते रिकामे आहे असे समजून पुसायला बसले होते. पिस्तूल आपोआप सुटल्याची एकही हकिगत त्यांत नव्हती. प्रत्येक वेळी त्याला कोणाचा तरी हात लागलेला होता. म्हणून मी माझा दिवस एकाच मापाने मोजतो. सकाळी एकदा आणि रात्री एकदा, एवढ्या दोन वेळा सोडल्या तर पिस्तुलाला हात लागता कामा नये. पुढचे सगळे तपशील या एका नियमापोटी आलेले आहेत.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. कपड्यांखाली शस्त्र बाळगण्याची मुभा सगळीकडे नसते आणि जिथे असते तिथेही ती अटींसह असते. कोणत्या इमारतीत शस्त्र नेता येत नाही, किती काडतुसे जवळ ठेवता येतात, प्रवासात ते कसे न्यावे, थांबवून विचारल्यास आपणहून सांगणे बंधनकारक आहे की नाही, या सगळ्याची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात. ती मित्राच्या तोंडून ऐकू नयेत. परवान्यावरच्या अटी आणि मूळ नियम स्वतः वाचावेत, आणि दुसऱ्या प्रदेशात जाताना ते नव्याने वाचावेत.

आता शस्त्राच्या निवडीकडे वळू. दुकानात हातात घेतलेले पिस्तूल आणि दहा तास कमरेला असलेले पिस्तूल यांचे वजन सारखे वाटत नाही. ग्लॉक १७ हे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारले आणि त्याची थोडी आखूड आवृत्ती, ग्लॉक १९, १९८८ मध्ये आली. ही आखूड आवृत्तीसुद्धा पंधरा गोळ्यांचे मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा सुटा कप्पा) भरून लावले की साधारण साडेआठशे ग्रॅम भरते. २०१८ मध्ये सिग सॉअरने पी३६५ आणले तेव्हा अर्ध्या किलोच्या आसपासच्या रिकाम्या वजनात दहा गोळ्यांचे मॅगझिन बसू शकते, हे लोकांना नवल वाटले होते. त्याआधी लहान शस्त्र म्हटले की १९५० पासून चालत आलेले स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्वर डोळ्यांसमोर यायचे. नव्याने बाळगू लागलेल्या माणसाचा ओढा साहजिकच सर्वांत लहान शस्त्राकडे असतो. माझे मत याच्या उलट आहे. शस्त्र जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला जास्त बसतो, आखूड मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, आणि ज्या शस्त्राने सराव करताना मनगट दुखते त्याचा सराव माणूस हळूहळू टाळू लागतो. ज्याच्याने दोनशे गोळ्या झाडल्यावरही हात शाबूत वाटतो, असे मध्यम आकाराचे शस्त्र घ्यावे आणि ते लपवण्याचे काम पट्टा, होल्स्टर आणि कपडे यांच्यावर सोपवावे.

पट्ट्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. साधा, मऊ चामड्याचा पट्टा साडेआठशे ग्रॅम वजनाखाली वळतो, पिस्तुलाची मूठ बाहेरच्या बाजूला कलते, पॅन्ट एका अंगाने खाली येते, आणि मग माणूस तासातासाला कंबर वर ओढत राहतो. हे ओढणेच सर्वांना दिसते. दोन थरांचा, मध्ये कडक पट्टी घातलेला, साधारण दीड इंच रुंद पट्टा घेतला की यांतल्या निम्म्या तक्रारी त्याच दिवशी संपतात. पिस्तूल पॅन्टच्या आत बाळगायचे असेल तर पॅन्ट कमरेला एक माप मोठी घ्यावी लागते, हेही पैसे खर्च होऊन गेल्यावरच बहुतेकांच्या लक्षात येते.

होल्स्टर हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. त्याच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. चाप आणि चापाभोवतीचे कडे त्याने पूर्ण झाकले पाहिजे, आणि तेही इतक्या कडक भिंतीने की बाहेरून बोटाने दाबले तरी आतल्या चापापर्यंत दाब पोहोचू नये. पिस्तूल त्यात इतके घट्ट बसले पाहिजे की होल्स्टर उलटे धरून हलवले तरी ते निसटू नये. ही परीक्षा अर्थातच रिकाम्या पिस्तुलाने, गादीवर करावी. आणि पिस्तूल बाहेर असताना त्याचे तोंड मिटता कामा नये, कारण मिटलेले तोंड उघडायला दुसरा हात लागतो आणि तो हात नळीसमोर येतो. कायडेक्स नावाचे कडक प्लास्टिक तापवून पिस्तुलाच्या घडणीवर दाबून बसवतात, त्यामुळे त्या होल्स्टरमध्ये हे तिन्ही गुण सहज येतात. चामड्याचे होल्स्टर अंगाला सुखाचे असते, पण ते घामाने आणि वर्षांनी मऊ पडते. माझ्या पहिल्या चामडी होल्स्टरच्या तोंडाशी तिसऱ्या वर्षी एक दुमड तयार झाली होती. एका सकाळी दिव्याखाली पाहिले तेव्हा ती दुमड बोटाच्या पेराएवढी आत वळलेली होती आणि पिस्तूल खाली सरकताना ती थेट चापाच्या कड्यात शिरत होती. त्या दिवसापासून ते होल्स्टर मी वापरलेले नाही, आणि दुसऱ्या कोणी ते वापरू नये म्हणून कात्रीने त्याचे दोन तुकडे करून टाकले.

होल्स्टर कमरेवर कुठे बसवायचे हे घड्याळाच्या काट्यांवरून सांगण्याची पद्धत आहे. बेंबी म्हणजे बारा, उजवी कंबर म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा. उजव्या हाताचे लोक साधारण तीन ते चारच्या जागी किंवा पुढे बारा ते एकच्या जागी पिस्तूल ठेवतात. पुढची जागा लपवायला सोपी असते आणि गर्दीत आपल्या नजरेखाली राहते. परंतु तिथे नळीचे तोंड मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते, हे क्षणभरही विसरून चालत नाही. मी साडेतीनची जागा निवडली ती माझ्या शरीराच्या ठेवणीमुळे. कण्यावरची सहाची जागा मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. पाठीवर पडल्यास तो कठीण धातूचा ठोकळा थेट मणक्यावर येतो, आणि मागून कोणी हात घातला तर वेळेवर कळतही नाही.

आता ज्या कृतीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. पिस्तूल बाहेर काढण्याचा सराव सगळे करतात, पण ते परत ठेवण्याची कृती तिच्याइतकीच, किंबहुना जास्त धोक्याची आहे. भरलेले शस्त्र, नळी स्वतःच्या शरीराजवळ, आणि चापाच्या दिशेने येणारी एक अरुंद खाच, असा तो प्रकार असतो. शर्टाचे टोक, जॅकेटची नाडी, किल्ल्यांचा जुडगा, यांपैकी काहीही त्या खाचेत शिरले की बोटाचे काम ते करते. माझ्या बाबतीत ती नाडी होती. थंडीच्या दिवसांत, सरावाच्या मैदानावर, मी पाच गोळ्या झाडून पिस्तूल परत ठेवत होतो, आणि माझ्या जॅकेटच्या कमरेच्या नाडीला लावलेला प्लास्टिकचा मणी होल्स्टरच्या तोंडावर लोंबत होता. पिस्तूल निम्मे आत गेले आणि काहीतरी अडल्यासारखे वाटले. माझा हात साहजिकच जोर लावणार होता. तेवढ्यात शेजारी उभे असलेले प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, “थांबा. जोर लावू नका. बोट बाहेर ठेवून सरळ वर काढा.” मी काढले तेव्हा तो मणी चापाच्या पुढ्यातच अडकलेला होता. मग ते म्हणाले, “काढताना घाई समजू शकतो, साहेब. परत ठेवताना कसली घाई आहे?”

त्यानंतर त्यांनी मला जे करायला लावले तेच मी आजही करतो. परत ठेवण्याआधी एक पूर्ण श्वास घ्यायचा. डाव्या हाताने कपडे छातीपर्यंत वर ओढून धरायचे. होल्स्टरच्या तोंडाकडे मान वळवून डोळ्यांनी पाहायचे, अंदाजाने चाचपडायचे नाही. चापाचे बोट स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, बाजूला सरळ ताणून ठेवायचे. मग पिस्तूल हळूहळू आत सोडायचे आणि थोडासा जरी अडथळा जाणवला तरी थांबून बाहेर काढायचे. घरी तर मी आणखी एक गोष्ट करतो: पिस्तूल आधी टेबलावरच होल्स्टरमध्ये बसवतो आणि मग होल्स्टरसकट ते पॅन्टमध्ये अडकवतो. रात्री उलट क्रमाने होल्स्टरसकटच काढतो. त्यामुळे भरलेले पिस्तूल उघडे असे दिवसातून एकदाही शरीराजवळ फिरत नाही. जॅकेटच्या सगळ्या नाड्या मी कापून टाकल्या आहेत.

चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी झाडली जाते त्या कप्प्यात, गोळी ठेवून बाळगावे की तो रिकामा ठेवावा, यावर फार वाद होतात. रिकामे ठेवले तर ऐनवेळी स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा असावा लागतो आणि तो असेलच याची खात्री नसते. दुसऱ्या बाजूने, ज्याला आपल्या होल्स्टरवर भरवसा नाही त्याने चेंबर भरून फिरणे चूकच आहे. नव्या माणसाला मी एक उपाय सुचवतो. पहिला महिनाभर चेंबर रिकामे, पण स्लाइड ओढून चाप ताणलेल्या स्थितीत ठेवून पिस्तूल बाळगावे आणि रोज रात्री चाप तसाच ताणलेला आहे का ते पाहावे. महिनाभर बसून, वाकून, पळून, आडवे होऊन चाप एकदाही सुटलेला आढळला नाही, तर होल्स्टरवरचा विश्वास अनुभवातून आलेला असतो.

कपड्यांबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. लपवायची असते ती मूठ. नळी पॅन्टच्या आत आपोआप लपते. म्हणूनच लांब नळी आणि आखूड मूठ असलेले पिस्तूल लपवायला सोपे जाते, याच्या उलट घडणीचे अवघड जाते. मूठ थोडी पुढे कललेली ठेवली की तिचे टोक शर्टातून मागे टोचत नाही. अंगाबरोबरचे, फिक्या एकरंगी कापडाचे कपडे आकार दाखवतात. सैल, गडद, चौकडीचे किंवा नक्षीचे कपडे दाखवत नाहीत. आणि लोक तेवढे पाहत नाहीत. पहिले कित्येक आठवडे प्रत्येक माणूस आपल्या कमरेकडेच पाहतो आहे असे वाटते, आणि त्या भीतीपोटीच हात सारखा तिकडे जातो. लपवलेल्या शस्त्राची चुगली करतो तो हा हातच.

शरीराची काही वळणे मात्र नव्याने शिकावी लागतात. जमिनीवरची वस्तू उचलताना कमरेतून वाकले की शर्ट पाठीवर ताणला जातो आणि मूठ उघडी पडते, म्हणून गुडघ्यांत वाकावे लागते. उंच फळीवरून काही काढायचे असेल तर पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूचा हात वापरावा लागतो. कोणी आपुलकीने मिठी मारायला पुढे आले तर आपला कोपर त्या बाजूने खाली ठेवावा लागतो. हाताच्या खुर्चीतून उठताना शर्टाचे टोक खुर्चीच्या हाताला अडकून वर राहते, ते उठल्याबरोबर पाहावे लागते. ही वळणे सहा महिन्यांत अंगवळणी पडतात.

बसण्याच्या बाबतीत माझ्याकडून झालेली एक गोष्ट सांगतो. एका लांबलचक बैठकीत मी अरुंद, हाताच्या खुर्चीत तीन तास बसलो होतो. खुर्चीचा हात बाहेरून मुठीला आत ढकलत होता आणि मॅगझिन सोडण्याचे बटण आतल्या बाजूने माझ्या कमरेच्या हाडावर टेकले होते. मला काहीच जाणवले नाही. रात्री होल्स्टर काढले तेव्हा मॅगझिन अर्धा सेंटिमीटर खाली सरकलेले दिसले. त्या अवस्थेत पिस्तुलातून चेंबरमधली एकच गोळी झाडता आली असती, आणि मी दिवसभर मनाशी सोळा गोळ्यांचा हिशेब धरून हिंडत होतो. तेव्हापासून माझ्या होल्स्टरची आतली भिंत त्या बटणाच्या वरपर्यंत येते. गाडीतही अशीच एक अडचण असते: सीटबेल्ट शर्टावरून आणि मुठीवरून गेला तर ऐनवेळी काहीच हाती लागत नाही, म्हणून बसल्यावर आधी सीटबेल्ट लावून मग शर्ट त्यावरून खाली सोडतो. टोचते म्हणून पिस्तूल काढून मांडीखाली किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवणे मी कटाक्षाने टाळतो. टोचत असेल तर होल्स्टरची जागा किंवा कल बदलावा. गाडी म्हणजे होल्स्टर नव्हे, आणि बंद गाडीतून शस्त्र चोरीला जाणे ही फार सामान्य गोष्ट आहे.

प्रसाधनगृहाबद्दल लिहायला लोक संकोचतात, पण सार्वजनिक ठिकाणी शस्त्र विसरले जाते ते बहुधा तिथेच. पिस्तूल काढून टाकीवर, फळीवर किंवा दाराच्या खुंटीला अडकवून ठेवले की ते विसरण्याची पूर्ण सोय होते. खुंटीला चापाच्या कड्याने अडकवणे तर जीवघेणे आहे. नियम साधा आहे: पिस्तूल होल्स्टरमधून काढायचेच नाही. पॅन्ट गुडघ्यांच्या वर राहील इतपतच खाली करावी, पट्ट्याचे बक्कल पुन्हा सैलसर अडकवून घ्यावे म्हणजे वजनाने होल्स्टर उलटत नाही, आणि दाराखालच्या फटीतून काही दिसणार नाही याची काळजी घ्यावी. पिस्तूल कधी हातातून निसटलेच तर ते झेलायला जाऊ नये. आजच्या बहुतेक पिस्तुलांत नुसते पडल्याने गोळी सुटू नये अशी आतली अटकाव यंत्रणा असते; झेलणाऱ्याचे बोट मात्र घाईत नेमके चापावर जाते. पडू द्यावे, मग उचलावे.

पिशवीत पिस्तूल बाळगण्याच्या मी विरोधात आहे. पिशवी आपण खाली ठेवतो, खुर्चीला अडकवतो, दुसऱ्याच्या हातात देतो. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पिशवीतले पिस्तूल काढले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने त्या आईचा मृत्यू झाला. ती पिशवी खास पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली होती. ज्यांना कपड्यांमुळे दुसरा पर्याय नसतो त्यांनी निदान त्या कप्प्यात कडक होल्स्टर वापरावे, दुसरे काहीही ठेवू नये आणि पिशवी अंगावरून क्षणभरही उतरवू नये. पिशवीचा आणखी एक धोका विसरण्याचा असतो. २०२३ या एका वर्षात अमेरिकेतल्या विमानतळांवरच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. पकडले गेल्यावर यांतले बरेच जण एकच उत्तर देतात, की पिशवीत आहे हे विसरलो. पिस्तुलाची पिशवी आणि प्रवासाची पिशवी कायमची वेगळी ठेवली तर हा प्रसंग येत नाही.

रुग्णालयात जायचे असेल तर मी पिस्तूल घरीच ठेवतो. बेशुद्ध पडलो तर ते कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही, आणि एमआरआय यंत्राच्या खोलीत तर ते कोणत्याही सबबीखाली नेता येत नाही. त्या यंत्रातले चुंबक सतत चालू असते. यंत्र बंद दिसले तरी ओढ तशीच असते. २०२३ च्या जानेवारीत ब्राझीलमधील साओ पाउलो इथे तपासणीसाठी आईसोबत खोलीत गेलेल्या एका वकिलाच्या कमरेचे पिस्तूल यंत्राने ओढून घेतले, गोळी सुटून त्याच्या पोटात लागली आणि पुढच्या महिन्यात त्याचा मृत्यू झाला. शस्त्र जवळ आहे हे त्याने खोलीत जाताना सांगितले नव्हते. लपवून बाळगणे याचा अर्थ सर्वांपासून सर्व वेळ लपवणे असा घेतला की असे होते.

हाच विचार पोलिसांनी थांबवल्यावर लागू पडतो. गाडीचे इंजिन बंद करावे, अंधार असल्यास आतला दिवा लावावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. मी आधी परवान्याचा उल्लेख करतो, मग शस्त्र उजव्या कमरेला आहे असे सांगतो आणि पुढे काय करू ते विचारतो. “पिस्तूल” या शब्दाने वाक्याची सुरुवात करत नाही, आणि बोलताना त्या दिशेला हात दाखवत नाही. त्यांनी ते ताब्यात मागितले तर काढून देण्याऐवजी होल्स्टरसकट कसे द्यावे हे त्यांनाच विचारतो.

दारूबद्दल मला चर्चा करायची नाही. एक घोट घ्यायचा असेल तर त्याआधी पिस्तूल पेटीत गेलेले असते. झोप आणणारी सर्दीची गोळीही मी याच हिशेबात धरतो. रागाचे मात्र तसे नाही. तो आधी सांगून येत नाही. पिस्तूल बाळगायला लागल्यापासून रस्त्यावर कोणी शिवी दिली तरी मी काच वर करतो आणि पुढे जातो. पूर्वी मी उतरून जाब विचारणाऱ्यांतला होतो. ज्या भांडणात पिस्तूल आहे ते भांडण मिटवण्याची जबाबदारी पिस्तूलवाल्याचीच असते, कारण धक्काबुक्की झाली तर पिस्तूल त्या दोघांपैकी कोणाच्याही हाती जाऊ शकते. ९ मिलिमीटरची साधारण आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर वेगाने जाते, म्हणजे आवाजाच्याही पुढे. ती घरातली हलकी भिंत ओलांडून पलीकडच्या खोलीत जाते. बंद खोलीत संरक्षणाशिवाय झाडलेल्या एका गोळीचा आवाजसुद्धा, १४० डेसिबलच्या बराच वर असल्यामुळे, कानाला कायमची इजा करू शकतो. अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी शस्त्र हाताळण्यासाठी घालून दिलेल्या चार नियमांतला शेवटचा, लक्ष्य आणि लक्ष्याच्या पलीकडचे ओळखा, हा नियम मी दुकानाच्या रांगेत, गाडीच्या डब्यात उभा असताना मनातल्या मनात लावून पाहतो. बहुतेक वेळा उत्तर येते की इथून गोळी झाडणे कधीच योग्य ठरणार नाही, आणि हे उत्तर आधीच माहीत असणे मला महत्त्वाचे वाटते.

शरीराला लागून असलेल्या पोलादाचा खरा शत्रू घाम आहे. स्लाइडवर हल्ली चांगले थर दिलेले असतात, पण नेम धरण्याचे खुंट, छोटे स्क्रू आणि मॅगझिनचा खालचा काठ यांवर तांबूस ठिपके आधी दिसतात. मी पिस्तूल आणि अंग यांच्यामध्ये बनियन असेल असे पाहतो आणि उन्हाळ्यात रोज रात्री, एरवी दोन दिवसांनी, तेलाचा हलका हात फिरवतो. तेल जास्त झाले तर कपड्यांचा धुरळा त्यात चिकटून नळीच्या तोंडाशी लगदा होतो. होल्स्टरचे स्क्रू चालून चालून सैल होतात. त्यांना स्क्रू न हलू देणारा निळा द्रव लावून महिन्यातून एकदा तपासावे.

काडतुसांबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रोज रात्री चेंबर रिकामे करून सकाळी तीच गोळी पुन्हा भरली, तर प्रत्येक वेळी तिचे टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या चढणीवर आपटते आणि शिसे पितळी नळकांड्यात जरासे आत ढकलले जाते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. मी माझ्या चेंबरमधल्या गोळीच्या बुडावर शाईने खूण करतो आणि नव्या गोळीशेजारी उभी धरून उंची पाहतो. नखाएवढा फरक दिसला तरी ती बाद होते. अर्थात पिस्तूल होल्स्टरसकट पेटीत ठेवले तर रोज रिकामे करण्याची वेळच येत नाही.

रिकामे करावे लागतेच ते सरावाआधी आणि सफाईआधी. क्रम असा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले, तर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. माणूस बाहेर पडलेल्या गोळीकडे पाहून निर्धास्त होतो. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन काढले की चाप चालत नाही, पण बहुतेक पिस्तुलांत तो चालतो. म्हणून स्लाइड मागे अडकवून मी चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहतो आणि करंगळीचे टोक घालून चाचपतो. सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो आणि दार लावतो. मगच रिकाम्या पिस्तुलाचा सराव, एका जाड भिंतीकडे तोंड करून, पंधरा मिनिटे. सराव संपला की तो संपला असे मोठ्याने म्हणतो. हे ऐकायला विचित्र वाटेल, परंतु भरून झाल्यावर “आणखी एकदा” करायचा मोह अशा वेळी होतो आणि भिंतीतली भोके त्या एकदामुळेच पडलेली असतात.

पेटी पलंगाच्या चौकटीला आतून बोल्टने आवळलेली आहे. तिला चार बटणांचे यांत्रिक कुलूप आहे. बोटांना तो क्रम अंधारातही सापडतो आणि बॅटरी संपण्याची चिंता नाही. घरात लहान मूल येणार असो वा नसो, पिस्तूल एकतर माझ्या कमरेला असते किंवा त्या पेटीत, तिसरी जागा त्याला नाही. उंच कपाटावर ठेवले आहे, मुलांना माहीत नाही, असे सांगणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की लहानपणी घरातली कोणती जागा तुम्हांला माहीत नव्हती? रात्री पट्टा सैल करतो, होल्स्टर पिस्तुलासकट काढतो, नळी पेटीच्या मागच्या भिंतीकडे करून आत ठेवतो, झाकण लावतो आणि एकदा ओढून पाहतो.